हातून घडलेलं

व्हिडिओ गेमचं नाव काढलं की चाकणमध्ये समोरचा माणूस दोनपैकी एका गोष्टीची वाट पाहू लागतो : कुणाचं पोरगं नादाला लागून कसं वाया गेलं, नाहीतर कुणी रमीत पगार कसा घालवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या औद्योगिक पट्ट्यातल्या काही घरांवर त्यांचा घाव बसलेला आहे आणि त्या घावाला हलकं लेखणारं एकही वाक्य या पुस्तकात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगांच्या वर्गीकरणात जागा दिली आणि ते वर्गीकरण २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. त्या विषयावर डॉक्टर आणि वकील लिहीत आहेत, त्यांनी लिहीत राहावं.

हे पुस्तक तिसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. गेम संपतो, फोन बदलतो, रूम बदलते, कंपनी बदलते. आणि तरीही त्या गेममधलं एखादं मरण, एखादी चूक, कधीकाळी सोबत चाललेला कुणी अनोळखी माणूस वर्षानुवर्षं मनातून जात नाही. नाटक-सिनेमानं माणूस हलला तर आपण त्याला रसिक म्हणतो. गेमनं हलला तर त्याला डोकं ठिकाणावर आहे का विचारतो. म्हणून ज्यांच्यावर असा परिणाम झाला ते गप्प बसतात. ही गप्प बसलेली माणसं या पुस्तकात बोलली आहेत.

ती चाकण, भोसरी, तळेगाव परिसरातली आहेत, आणि हे मुद्दाम आहे. गेमवर गंभीरपणे बोलणारी माणसं शहरातल्या डिझाइन कॉलेजात सापडतात, असा एक समज आहे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी इथल्या रूमवर जाऊन बघा. बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याची पोरं, त्यांच्या शेजारी बिहार-ओडिशाची. फर्स्ट शिफ्टवाला उठला की त्याच गादीवर नाईटवाला आडवा होतो. टीव्ही नाही, कपाट नाही, मेसचा डबा खिडकीत. प्रत्येकाजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू असते, फोन. त्या फोनमध्ये ती माणसं काय करतात हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचं उत्तर ‘टाइमपास’ या एका शब्दात उरकता येत नाही.

आधी त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा तिथून निघतो. लाइनवरच्या माणसाला पोकायोके समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. पार्ट उलटा लावायला गेलात तर तो फिक्श्चरमध्ये बसतच नाही. बोल्ट पूर्ण आवळला गेला नसेल तर सेन्सर हिरवा होत नाही आणि कन्व्हेअर पुढे सरकत नाही. माणसाच्या हातून चूक होऊच नये अशी ही रचना शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने १९६० च्या दशकात रूढ केली आणि आज या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक कारखाना तिच्यावर चालतो. कारखान्यासाठी ती उत्तमच आहे. पण दिवसाचे आठ तास, ओटी धरून बारा तास, ज्या हातांना चूक करायला जागाच ठेवलेली नाही, त्या हातांना आपण काही केलं असंही वाटेनासं होतं. पीस निघतात. ते कुणाचेच नसतात. टार्गेट होतं, ते शिफ्टचं असतं.

चांगला गेम याच्या बरोबर उलटा असतो. तो चूक करू देतो. नुसती करू देत नाही, ती तुमच्या नावावर मांडतो आणि तिच्यासकट पुढे जायला लावतो. सिनेमातला नायक मेला तर आपण रडतो, पण त्याला वाचवणं आपल्या हातात कधीच नव्हतं. गेममध्ये दार आपण उघडलेलं असतं, बाण आपण सोडलेला असतो, सोबत्याला मागे टाकून आपण पळालेलो असतो. अंगठ्याखालचं बटण आपल्याच अंगठ्यानं दाबलेलं असतं. सिनेमा पाहून करुणा वाटेल, कौतुक वाटेल. अपराधी वाटणं मात्र अवघड आहे. गेम खेळून ते वाटतं, खरोखर पोटात वाटतं. हे दुसऱ्या कुठल्याही कलेला सहजी जमत नाही.

याचं सगळ्यात नितळ उदाहरण माझ्या मते ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’. स्वीडनमधल्या स्टारब्रीझ कंपनीचा हा गेम २०१३ चा, दिग्दर्शक जोसेफ फारेस. ते मूळचे सिनेमावाले. (इथून पुढे या गेमचा शेवट सांगावा लागणार आहे. तो फोनवरही आलेला आहे, तीन-चार तासांत संपतो. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत आणि खेळून झाल्यावर परत यावं. मी हे औपचारिकता म्हणून सांगत नाही.)

दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषधी पाणी आणायला निघतात. दोघांना खेळणारा एकच माणूस एकाच वेळी चालवतो : डाव्या हाताची काडी आणि डावं बटण थोरल्याचं, उजव्या हाताची धाकट्याचं. सुरुवातीला दोन्ही हात एकमेकांत अडखळतात, भाऊ भलतीकडे चालतात. तासाभरात हात सरावतात. डावा हात म्हणजे दादा हे डोक्याला सांगावं लागत नाही. त्यांची आई पाण्यात बुडून गेलेली आहे, म्हणून धाकट्याला पाण्याची भीती आहे. नदी लागली की तो दादाच्या पाठीवर बसतो आणि दादा पोहतो. दोघं बोलतात ती भाषा बनवलेली आहे, एकही शब्द कळत नाही, आणि गरजही पडत नाही.

मग दादा मरतो. धाकट्यानं त्याला खड्ड्यापर्यंत ओढत न्यायचं आणि माती लोटायची हेही खेळणाऱ्यालाच करावं लागतं. त्यानंतर डावा हात रिकामा. काडी हलवली तरी काही होत नाही. एकटा धाकटा औषध घेऊन घराकडे निघतो आणि वाटेत पाणी लागतं. तो काठावर थांबतो. उजवं बटण दाबलं तरी पुढे जात नाही. खेळणारा हे करून बघतो, ते करून बघतो, आणि शेवटी नकळत डावं बटण दाबतो, दादाचं. धाकटा पाण्यात उतरतो आणि पोहू लागतो. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही, कुणी काही समजावत नाही. मेलेला भाऊ कुठे गेला याचं उत्तर खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला मिळतं. मी हे कादंबरीत वाचलं असतं तर चांगली कल्पना आहे असं म्हणून पान उलटलं असतं. इथे कित्येक मिनिटं बटण सोडवलं नाही.

दादा मोठा असणं, त्यानं पुढे जाऊन पैसे पाठवणं, धाकट्यानं त्याच्या आधारानं शिकणं, हे चाकणमधल्या अर्ध्याअधिक रूमचं चरित्र आहे. त्यामुळे या पुस्तकातल्या तीन लेखांत हा गेम येतो याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते एका लेखातल्या साध्या उल्लेखाचं : लिहिणारा थोरला भाऊ आहे, आणि खेळताना आपण आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्याच्या बाजूनं विचार केला, असं तो म्हणतो.

जपानी दिग्दर्शक फुमितो उएदा यांचा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) दुसऱ्या टोकानं येतो. मेलेल्या मुलीला जिवंत करण्यासाठी एका तरुणाला सोळा महाकाय प्राणी मारायचे असतात. त्यातले काही तर अंगावरही येत नाहीत, आपल्या जागी शांत असतात. आपणच जाऊन त्यांच्या अंगावर चढतो, केसांना लोंबकळतो, तलवार खुपसतो. प्राणी कोसळला की विजयाचं संगीत वाजायला हवं. वाजतं ते शोकाचं. पहिल्या वेळी वाटतं, काहीतरी गफलत झाली. पाचव्या-सहाव्या वेळी कळतं की आपण काय करत आहोत, आणि तरीही आपण सातव्याकडे निघतो, कारण गेम पुढे न्यायचा असतो. या ‘तरीही’मध्ये जे आहे त्याबद्दल महाभारताच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पोलंडच्या सरकारने हे सगळं फार लवकर ओळखलं. वॉर्सामधल्या इलेव्हन बिट स्टुडिओजने २०१४ साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढला. यात आपण सैनिक नसतो. वेढ्यात सापडलेल्या शहरातली, पडक्या घरात लपलेली साधी माणसं असतो. सारायेव्होच्या वेढ्यातल्या अनुभवांचा त्याला आधार आहे. औषध संपलेलं आहे, रात्री शोधायला बाहेर पडायचं, आणि ज्या घरात औषध आहे तिथे दोन म्हातारी माणसं राहतात. चोरायचं का? चोरलंत तर तुमचा माणूस वाचतो, पण चोरून आणणारा दुसऱ्या दिवशी खिन्न होतो, धड खात नाही, बोलत नाही. २०२० साली पोलंडने हा गेम शाळेतल्या मोठ्या मुलांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घातला, कादंबऱ्यांच्या शेजारी. आपल्याकडे अशी यादी करायची वेळ आली तर त्यात काय असावं यावर शिक्षकांनी वाद घालावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खेळातून मनाला वळण लागतं ही कल्पना आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. आळंदी इथून जवळच आहे. सापशिडीच्या जुन्या मराठी रूपाचं, मोक्षपटाचं, श्रेय परंपरा ज्ञानदेवांना देते. त्या पटावर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं होती. शिडी चढवणारी, साप खाली ओढणारा. कवड्या टाकता टाकता पोरांनी क्रोध, लोभ, मत्सर म्हणजे काय ते अनुभवावं हा त्यामागचा हेतू. फरक इतकाच की मोक्षपटावर कवडी ठरवते, खेळणारा नाही. सापाच्या तोंडी गेलो तरी दोष नशिबाला देता येतो. आजच्या गेमनं कवडी काढून घेतली आणि निवड हातात दिली, म्हणून त्याचा ओरखडा खोल जातो.

या पट्ट्यातल्या माणसांपर्यंत हे खेळ कुठल्या वाटेनं आले तेही नोंदवून ठेवायला हवं, कारण ते अजून कुणी नीट लिहून ठेवलेलं मला दिसत नाही. नव्वदच्या दशकात चिंचवड-निगडीच्या गल्ल्यांत व्हिडिओ गेमची पार्लरं होती, एक रुपयाचं नाणं टाकायचं. तिथला राजा होता ‘मुस्तफा’. कॅपकॉम कंपनीच्या त्या १९९३ च्या गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण पिवळ्या टोपीच्या त्या हीरोवरून अख्ख्या गेमलाच आपल्याकडे मुस्तफा म्हणायचे. पडद्यावर उलटे आकडे सुरू व्हायचे आणि खिसा रिकामा असायचा. तेव्हा शेजारच्या अनोळखी पोरानं आपलं नाणं टाकून आपल्याला परत उभं करणं, ही त्या काळातली मोठीच गोष्ट होती. आज चाळिशीत असलेल्या दोन लेखकांनी गेमच्या गोष्टीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. दोघांनाही ते नाणं टाकणारा पोरगा आठवतो. त्यानंतर टीव्हीला जोडायचे स्वस्त डबे आले, त्यांत काँट्रा आणि मारिओ. मग सायबर कॅफे, व्हाइस सिटी, काउंटर स्ट्राइक. या टप्प्यावर मी फार रेंगाळत नाही. पुढे एक अख्खा विभाग त्यावर आहे.

खरी उलथापालथ फोननं केली. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत लाइनी थांबल्या, प्रेस शॉप शांत झाली. ज्यांना गावी जाता आलं ते गेले, बाकीचे रूममध्ये अडकले. त्या दिवसांत नवी मुंबईत तयार झालेल्या, २०१६ सालच्या ‘लुडो किंग’नं जे केलं त्याची बरोबरी कुठल्याही महागड्या गेमला करता येणार नाही. खराबवाडीतला मुलगा कोड पाठवायचा, केजजवळच्या गावातून आई, बहीण आणि आजी त्या पटावर यायच्या. फोनवर रोज बोलायला विषय उरला नव्हता. सोंगटी मारली की भांडायला विषय मिळायचा. लुडो किंगमध्ये कथा नाही. तरी त्या काळात घरातलं कुणी गेलं असेल, आणि पटावरचा चौथा रंग पुन्हा कधीच भरला नसेल, तर त्या रंगाकडे बघणं सोपं राहत नाही. असे दोन लेख इथे आहेत. मी त्यांचं संपादन करताना स्वल्पविरामही हलवला नाही.

आणि पबजी. पबजीवर टीका करणं सोपं आहे आणि बरीचशी टीका योग्य आहे. त्यानं झोपा खाल्ल्या, नाईटच्या पोरांनी तर फारच किंमत दिली. पण माईकवर काय चालायचं ते ऐकल्याशिवाय त्याच्याबद्दलचं मत पुरं होत नाही. एक जण चाकणला, एक हडपसरला, एक गावीच राहिलेला, चौथा असाच कुठूनतरी जोडला गेलेला. गोळी लागून सोबती गुडघ्यावर आला की त्याला उठवायला काही सेकंद त्याच्याजवळ थांबावं लागतं, आणि त्या सेकंदांत थांबणाराही मरू शकतो. थांबायचं की पळायचं हे तेवढ्यात ठरवावं लागायचं. कोण थांबलं आणि कोण पळालं हे पोरांना पाच वर्षांनंतरही नावानिशी आठवतं. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली, पण ज्यांच्या फोनमध्ये गेम होता त्यांचा ३० ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या दोन महिन्यांत अनेकांनी पहिल्यांदा आपल्या सोबत्याचं खरं नाव विचारलं, नंबर घेतला. काहींचा घ्यायचा राहून गेला. दुसऱ्या नावानं तोच गेम २०२१ साली परत आला, पण जे हरवले ते हरवलेच. अनोळखी सोबत्याचं हे दुःख अमेरिकेतल्या दॅटगेमकंपनीने ‘जर्नी’ (२०१२) मध्ये फार नाजूकपणे मुद्दाम घडवलं होतं : वाळवंटात कुणी भेटतो, बोलता येत नाही, नाव दिसत नाही, नुसती हाक देता येते आणि सोबत चालता येतं. आपल्या पोरांना ते पबजीत, गोळीबारात, कुणी न घडवता मिळालं. मला दोन्हींची किंमत सारखीच वाटते.

मग आपल्याकडे असे गेम कुणी केलेच नाहीत का? केले आहेत, आणि तेही जवळच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ केला. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी ते थांबले नाहीत, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम बाहेर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. सर्कशीतली मुलगी राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. निवेदन करतात दुर्गा आणि विष्णू, आणि मधली दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. गेम लहान आहे, शेवट तुटक वाटतो, लढाई काही ठिकाणी अडखळते. हे दोष मला दिसतात. पण भिंतीवरच्या चित्रापाशी राजी थांबते आणि देवांची गोष्ट ऐकू येते तेव्हा जे वाटतं, ते परदेशी गेममध्ये कितीही खर्च केला तरी वाटणार नाही. पुढे २०२२ च्या आवृत्तीत तिला हिंदी आवाज मिळाला. मराठी आवाजात तिला ऐकायचं आहे. गोव्यात अरमान संधू यांच्या फ्रॉस्टवुड इंटरॲक्टिव्हने २०२१ साली ‘फॉरगॉटन फील्ड्स’ केला : एक तरुण लेखक लहानपणीचं घर विकलं जायच्या आधी तिथे जाऊन येतो, एवढंच. गावाकडचं घर किंवा वावर विकून इथे वन बीएचके घेतलेल्या माणसाला तो खेळायला दिला तर काय होतं, ते पुढे एका लेखात आहे.

जड मशीन लागत नाही, हेही सांगून टाकतो. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली आलं तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. ट्रेनीच्या हातात ते येणं कठीण. पण वर आलेल्या नावांपैकी ‘ब्रदर्स’ आणि ‘धिस वॉर ऑफ माइन’ फोनसाठीही निघाले, ‘जर्नी’ फक्त आयफोनसाठी. दोन-चार जणांनी मिळून एक घ्यावा आणि पाळीपाळीनं खेळावा. रूमवर ते सहज होतं, आणि एकाच ठिकाणी दोघांनी वेगळा निर्णय घेतला की जी चर्चा रंगते तिची मजा एकट्यानं खेळण्यात नाही.

पुस्तकातल्या लेखांची भाषा लिहिणाऱ्यांची आहे. लातूरची मराठी लातूरची राहिली आहे, शॉप फ्लोअरचे शब्द तसेच ठेवले आहेत. लेख वयानुसार किंवा गेमनुसार लावलेले नाहीत. पहिला लेख वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करणाऱ्या एका मुलीचा आहे. फोन भावाचा, खेळायची परवानगी सेकंड शिफ्टहून आल्यावर अर्धा तास, आणि ‘धिस वॉर ऑफ माइन’मधल्या त्या म्हाताऱ्यांच्या घरातलं औषध चोरायचं की नाही यावर तिनं चार रात्री घालवल्या. तिनं शेवटी काय केलं ते तिच्याच शब्दांत वाचा.